नाकाचं माप आणि माणसांमधलं अंतर

दरवर्षी २९ जूनला आपल्या देशात सांख्यिकी दिन साजरा होतो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी वर्तमानपत्रांत एखादा छोटा चौकोन येतो. दुसरी पंचवार्षिक योजना, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय नमुना पाहणी, या तीन गोष्टींवर तो चौकोन संपतो. या माणसानं उमेदीची पंधरा-वीस वर्षं लोकांच्या नाकांची, डोक्यांची आणि उंचीची मापं तपासण्यात घालवली, हे त्यात येत नाही. माझ्या मते आज आपण, विशेषतः मुसलमानांनी, समजून घ्यावी अशी गोष्ट नेमकी तीच आहे.

कारण सांगतो. ‘तुम्ही लोक मूळचे कुठले?’ हा प्रश्न मराठी मुसलमानाला दोन्ही बाजूंनी ऐकावा लागतो. बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा उत्तर त्याच्याकडे तयार असतं, ‘बाहेरून आलेले’. गंमत अशी की घरातलं उत्तरही अनेकदा तेच असतं. आमच्या घरी एका लोखंडी पेटीत शजरा, म्हणजे वंशावळ, गुंडाळून ठेवलेला आहे. आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, ईदच्या दुपारी तो बाहेर काढत. त्यात खानदानाची सुरुवात अरबस्तानात होते. दादा स्वतःच्या नाकावर बोट ठेवून म्हणत, “हे नाक बघ. हे इथलं नाही.” आम्ही हसायचो. पण ते पूर्ण गमतीत बोलत नव्हते, हे आम्हालाही कळायचं.

नाकावरून माणसाचं मूळ ओळखण्याचा हा शौक दादांचा एकट्याचा नव्हता. ब्रिटिश राजवटीत त्याचं रीतसर शास्त्र झालं होतं.

हर्बर्ट रिझली हा बंगालमधला आयसीएस अधिकारी. १८८५ मध्ये त्याच्याकडे बंगालच्या जाती-जमातींची पाहणी आली. युरोपात तेव्हा माणसाची हाडं आणि चेहरे मोजून वंश ठरवण्याचं खूळ जोरात होतं. रिझलीनं ते इथं आणलं. बंगाल, वायव्य प्रांत आणि पंजाबातल्या ८९ जाती-जमातींमधल्या सुमारे सहा हजार माणसांची मापं घेतली गेली आणि १८९१ मध्ये ती छापली गेली. त्यातलं लाडकं माप होतं नासिका-निर्देशांक. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर. हा आकडा ७० च्या खाली आला तर नाक चिंचोळं, ८५ च्या वर गेला तर रुंद, मधलं ते मध्यम. यातून रिझलीनं जाहीर केलं की जातीचा सामाजिक दर्जा आणि नाकाची रुंदी यांचं व्यस्त प्रमाण आहे. नाक जितकं रुंद तितकी जात खालची. वरच्या जाती आर्य, खालच्या द्रविड, आणि जात म्हणजे वंशाची पायरी, असा त्याचा हिशेब.

हा माणूस पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला, नंतर भारत सरकारचा गृहसचिव झाला. बंगालच्या फाळणीच्या फायलींवर त्याचे शेरे आहेत. त्यामुळे त्याचं नाकशास्त्र सरकारी कपाटात पडून राहिलं नाही, ते कारभारात उतरलं. आपल्या महाराष्ट्रालाही त्यानं सोडलं नाही. मराठा ब्राह्मण, कुणबी आणि कुर्गी यांना त्यानं ‘सिथो-द्रविडियन’ अशा एकाच खान्यात टाकलं आणि मराठ्यांची पाळंमुळं मध्य आशियातल्या शकांपर्यंत नेऊन भिडवली.

मुसलमानांचा प्रश्न आणखी नाजूक होता. १८७२ च्या पहिल्या जनगणनेत बंगालच्या खेड्यापाड्यांत मुसलमान एवढ्या मोठ्या संख्येनं आहेत, हे पाहून इंग्रज अधिकारी चकित झाले. जनगणनेचा अहवाल लिहिणाऱ्या बेव्हर्ली यांनी निष्कर्ष काढला की हे लोक इथल्याच खालच्या जातींतून आलेले आहेत. पुढे रिझलीनं पूर्व बंगालच्या मुसलमानांचीही मापं घेतली आणि त्या मताला नाकाचा आधार दिला. हे मुर्शिदाबादच्या नवाबांचे दिवाण खोंदकार फजली रब्बी यांना फार लागलं. १८९५ मध्ये बंगालच्या मुसलमानांच्या उगमावर त्यांचं पुस्तक इंग्रजीत आलं. बंगालचे मुसलमान मोठ्या प्रमाणावर अरब, तुर्क, पठाण, मोगल अशा बाहेरून आलेल्या लोकांचे वंशज आहेत, असा त्यांचा दावा होता.

या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट निमूट मान्य केली होती. इथल्या कष्टकरी जातींमधून आलेलं असणं ही कमीपणाची बाब आहे. साहेबानं ती हिणवण्यासाठी सांगितली, अश्रफ मुसलमानांनी ती झटकण्यासाठी नाकारली. अश्रफ आणि अजलाफ यांच्यातली भिंत दोघांनीही शाबूत ठेवली. आमच्या दादांचं नाक याच परंपरेतलं.

आता महालनोबिस यांच्याकडे येऊ. जन्म १८९३, कोलकात्याच्या ब्राह्मो कुटुंबातला. शिक्षण भौतिकशास्त्राचं, आधी प्रेसिडेन्सी कॉलेजात, मग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात. १९१५ मध्ये मायदेशी परतण्याच्या सुमारास त्यांचे शिक्षक मॅकॉली यांनी ग्रंथालयात त्यांना ‘बायोमेट्रिका’ नावाच्या नियतकालिकाचे खंड दाखवले. जीवशास्त्रातल्या मापांना गणिताची शिस्त लावण्यासाठी कार्ल पिअर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०१ मध्ये ते सुरू केलं होतं. महालनोबिस यांनी त्याचा संचच विकत घेतला आणि बोटीच्या प्रवासात वाचायला सुरुवात केली. कोलकात्यात ते प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले, पण डोक्यात हे नवं वेड शिरलं होतं.

त्या वेडाला काम मिळालं ते नागपुरात. १९२० मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचं अधिवेशन तिथं भरलं होतं. तिथं त्यांची गाठ प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागाचे संचालक नेल्सन अॅनंदेल यांच्याशी पडली. अॅनंदेल यांच्याकडे कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं पडून होती. त्यांचं काय करायचं, ते त्यांना हवं होतं. महालनोबिस यांनी त्यातली पुरुषांची उंची घेतली आणि १९२२ मध्ये आपला पहिला सांख्यिकी लेख प्रसिद्ध केला. सरासरी काय, तिच्याभोवती आकड्यांचा पसारा किती, एवढ्या थोड्या माणसांवरून काढलेल्या सरासरीवर भरवसा किती ठेवायचा, या प्रश्नांनी तो भरलेला आहे. रिझलीनं मापं घेतली आणि लगेच निकाल दिला होता. महालनोबिस आधी मापांचीच साक्ष तपासत होते.

१९२५ हे साल या गोष्टीत महत्त्वाचं आहे. त्या वर्षी लंडनमध्ये ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’ हे पिअर्सन यांचं नवं नियतकालिक निघालं. युजेनिक्स म्हणजे ‘चांगल्या’ वंशाची पैदास वाढवण्याचं तथाकथित शास्त्र. पहिल्याच अंकात पिअर्सन आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट मूल यांचा लेख होता. रशिया आणि पोलंडमधून इंग्लंडात आलेल्या ज्यू कुटुंबांच्या मुलांची मापं आणि चाचण्या घेऊन त्यांनी निष्कर्ष काढला की ही मुलं सरासरीनं देशी मुलांपेक्षा शरीरानं आणि बुद्धीनं काहीशी कमी आहेत. पुढचा अर्थ उघड होता, त्यांना येऊ देऊ नका. आकडेशास्त्राचा त्या काळातला सर्वांत मोठा उस्ताद एका अल्पसंख्य समाजाला दाराबाहेर ठेवण्यासाठी आपली हत्यारं वापरत होता.

त्याच वर्षी बनारसला विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाचे अध्यक्ष म्हणून महालनोबिस बोलले. विषय होता बंगालमधली वंशमिश्रणं. कच्चा माल होता रिझलीचाच. पण त्यांनी नाकाला एकट्याला बोलू दिलं नाही. अनेक मापं एकत्र घेतली आणि दोन जातींमध्ये एकूण अंतर किती, हे सांगणारा एकच आकडा काढण्याचा प्रयत्न केला. त्यातून बाहेर आलं ते असं की बंगाली ब्राह्मण शरीरानं बंगालबाहेरच्या ब्राह्मणांपेक्षा बंगालमधल्याच इतर जातींच्या जास्त जवळ आहेत. एक जात म्हणजे एक वंश हे सूत्र साहेबाच्याच आकड्यांतून बंगालपुरतं ढासळलं. पिअर्सन यांचीच विद्या, पण चालवणारा हात वेगळा.

या कामात एक तांत्रिक पेच होता. तो सोडवताना महालनोबिस यांनी जे शोधलं, ते आज जगभर त्यांच्या नावानं ओळखलं जातं. गणित न येणाऱ्यालाही त्याचा गाभा कळू शकतो.

दोन समूहांतलं साम्य मोजण्यासाठी पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत ‘वंशसाम्याचा गुणांक’ वापरला जाई. १९२१ मध्ये बर्मी कवट्यांच्या अभ्यासात तो प्रथम आला. महालनोबिस १९२७ मध्ये काही महिने त्या प्रयोगशाळेत जाऊन राहिले आणि या गुणांकातलं दुखणं त्यांच्या ध्यानात आलं. किती माणसं मोजली, त्यावर तो आकडा बदलत होता. तेच दोन समूह, त्यांच्यातला फरक तोच, पण शंभरांऐवजी हजार माणसं मोजली की गुणांक फुगायचा. म्हणजे तो ‘फरक आहे असं खात्रीनं म्हणता येईल का’ याचं उत्तर देत होता, आणि लोक ते ‘फरक किती आहे’ याचं उत्तर समजून वाचत होते. हे दोन प्रश्न अगदी वेगळे. चिमूटभर फरकही पुरेशी माणसं मोजली की खात्रीनं सिद्ध होतो. पण खात्रीनं सिद्ध झाला म्हणून चिमटीचा डोंगर होत नाही.

पिअर्सन यांना ही टीका पटली नाही. महालनोबिस यांचा लेख १९३० मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. १९३६ मध्ये त्यांनी आपलं माप पूर्ण स्वरूपात मांडलं. त्याला ‘डी-स्क्वेअर’ किंवा ‘महालनोबिस अंतर’ म्हणतात. त्यात दोन गोष्टी सांभाळलेल्या आहेत.

पहिली, फरक नेहमी समूहातल्या पसाऱ्याच्या तुलनेत मोजायचा. समजा एका गावच्या पुरुषांची सरासरी उंची १६४ सेंटिमीटर आहे आणि दुसऱ्या गावची १६६. दोन सेंटिमीटरचा फरक. पण प्रत्येक गावात माणसं सरासरीच्या सहा-सहा सेंटिमीटर खाली-वर पसरलेली असतील, तर या दोनाला काय किंमत? दोन्ही गावचे लोक एका मैदानात मिसळले तर उंची बघून कोण कुठला हे सांगता येणार नाही. सरासरीतला फरक खरा असतो, पण त्यावरून समोरच्या एका माणसाबद्दल जवळपास काहीच कळत नाही.

दुसरी, मापं एकमेकांशी जोडलेली असतात याचा हिशेब ठेवायचा. उंच माणसाचे हात सहसा लांब असतात. आता उंचीतला फरक एकदा मोजला आणि हातांच्या लांबीतला फरक स्वतंत्र पुरावा म्हणून पुन्हा मिळवला, तर आपण एकच गोष्ट दोनदा मोजली. न्यायालयात एकाच घरातल्या दोन भावांनी एकमेकांचं ऐकून सारखीच साक्ष दिली तर शहाणा न्यायाधीश तिला दोन साक्षी धरत नाही. महालनोबिस यांचं सूत्र तेच करतं. साक्षीदारांचं आपसातलं नातं किती घट्ट आहे ते पाहतं आणि तेवढं वजन कमी करतं. पाच, दहा, वीस मापं घेतली तरी शेवटी उरतं ते खरं अंतर.

याच काळात त्यांनी आणखी एक किचकट काम केलं, ज्याला टाळ्या मिळत नाहीत. रिझलीचे छापील आकडे त्यांनी पुन्हा तपासले. निर्देशांक हा दोन मापांचा भागाकार असतो, त्यामुळे आकडा चुकला असेल तर एकमेकांशी ताडून चूक पकडता येते. अशा चुका शोधून, दुरुस्त करून, बंगालच्या जाती-जमातींबद्दलची सुधारित आकडेवारी त्यांनी १९३३ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात दिली. चाळीस वर्षं लोक ज्या तक्त्यांवरून माणसांची प्रतवारी लावत होते, ते तक्तेच दुरुस्तीला आलेले होते.

‘संख्या’ हे त्यांनीच सुरू केलेलं नियतकालिक, आणि डिसेंबर १९३१ मध्ये स्थापन झालेली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट ही त्यांची संस्था. सुरुवात प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका खोलीतून झाली. राजचंद्र बोस आणि समरेंद्रनाथ रॉय हे तरुण गणिती तिथं आले आणि त्यांनी डी-स्क्वेअरच्या मागचं कठीण गणित सोडवलं. नमुना लहान असला तर या आकड्यावर किती विसंबायचं, हे त्यांच्यामुळे कळलं. ढाका विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे काझी मोताहर हुसेनही सांख्यिकी शिकायला इथंच आले आणि १९३८ मध्ये पदविका घेऊन परतले. पुढे ढाक्यात या विषयाचं शिक्षण त्यांनी उभं केलं. हे तेच मोताहर हुसेन, ज्यांनी १९२६ मध्ये मित्रांसोबत ढाक्यात मुस्लिम साहित्य समाज सुरू केला आणि बंगाली मुसलमानांमध्ये बुद्धिमुक्तीची चळवळ चालवली. आकड्यांची शिस्त आणि समाजाला प्रश्न विचारण्याची हिंमत एकाच माणसात नांदू शकते, याचा आपल्यातलाच हा नमुना.

१९४१ मध्ये सी. आर. राव संस्थेत आले. पाच वर्षांनी त्यांना केंब्रिजला पाठवण्यात आलं. सुदानमधल्या जबल मोया इथं उत्खननात सापडलेले प्राचीन सांगाडे तिथल्या संग्रहालयात होते आणि ते डी-स्क्वेअरच्या पद्धतीनं तपासायचे होते. सुमारे तीस वर्षांपूर्वी विद्या केंब्रिजहून कोलकात्याला आली होती, आता ती उलट दिशेनं गेली.

मग आला मुसलमानांच्या प्रश्नाचा पुढचा अध्याय. १९४१ च्या जनगणनेच्या वेळी लखनौ विद्यापीठाचे धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी संयुक्त प्रांतातल्या वीसहून अधिक समूहांची मापं घेतली. महालनोबिस, मजुमदार आणि राव यांनी मिळून त्यांचं विश्लेषण १९४९ मध्ये प्रसिद्ध केलं. इथं मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. संयुक्त प्रांतात चित्र बंगालसारखं नव्हतं. तिथं ब्राह्मण एका टोकाला, कारागीर जाती मध्ये, अशी थोडीफार उतरंड मापांतही दिसली. ज्याला फक्त आपल्या सोयीचा निकाल हवा, तो इथं अडखळेल. पण चांगल्या मापाची ओळखच ही, की ते मोजणाऱ्याच्या मर्जीनं चालत नाही. उतरंड दिसली ती एका प्रदेशात. सबंध हिंदुस्थानासाठी एकच नियम सांगणारा रिझली त्यामुळे बरोबर ठरत नाही.

१९४५ मध्ये मजुमदार यांनी बंगालमध्ये पाहणी केली. तिच्यावरचं मजुमदार आणि राव यांचं पुस्तक १९६० मध्ये आलं. तोवर मजुमदार वारले होते आणि ज्या बंगालची मापं घेतली होती, तो धर्माच्या नावावर चिरला गेला होता. त्यात उंची, कपाळाची रुंदी आणि नाकाची उंची ही मापं बोलकी ठरली. त्यांवरून दोघांनी म्हटलं की बंगाली मुसलमानांचं मूळ शोधायचं तर ते बाहेरच्या देशांत किंवा उच्चवर्णीयांत नव्हे, तर इथल्याच जातिव्यवस्थेबाहेरच्या आणि तळाच्या समूहांत शोधावं. फाळणीनं ज्यांना दोन राष्ट्रं ठरवलं, त्यांना मोजपट्टीनं शेजारी ठरवलं होतं.

महाराष्ट्रातही याच सुमारास तोच मुद्दा दुसऱ्या वाटेनं पुढे येत होता. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये जात आणि वंश या विषयावर पुस्तक लिहिलं आणि रिझलीचा नियम हिंदुस्थान प्रांत वगळता बाकी ठिकाणी टिकत नाही, असं दाखवलं. मुंबई इलाख्यात देशस्थ ब्राह्मण हे चित्पावनांपेक्षा सोनकोळ्यांच्या अधिक जवळ येतात आणि त्यानंतर महार आणि कुणबी लागतात, असे त्यांचे आकडे होते. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात हे आकडे वापरले आणि सरळ मुद्दा मांडला. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. अस्पृश्यतेचं मूळ वंशात नाही. ज्या नाकानं माणसांना पायऱ्यांवर बसवलं होतं, तेच नाक बाबासाहेबांनी साक्षीला उभं केलं.

म्हणून महालनोबिस यांना वंशवादाविरुद्धचे योद्धे म्हणावं का? तेवढं म्हणणं अतिशयोक्ती होईल. ‘वंश’ हा शब्द त्यांनी टाकला नाही. जात हा मोजायचा एकक आहे, हे रिझलीचं गृहीत त्यांनीही स्वीकारलं. मोजलेली माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेनं निवडलेली नव्हती. पुढे ताग आणि धानाच्या पिकांची पाहणी करताना कोणतं शेत मोजायचं ही निवड चिठ्ठीवर सोपवण्याबद्दल ते फार काटेकोर झाले, ती काळजी या जुन्या मापांत नव्हती. प्रश्न साहेबाचाच होता, त्यांनी उत्तर नीट काढलं.

पण उत्तर नीट काढण्याची किंमत कमी नाही. खोटं उत्तर किती दूर जातं ते आपण पाहिलं. पिअर्सन यांचं नाव लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं २०२० मध्ये आपल्या इमारतींवरून काढलं, म्हणजे त्या लेखाला पंचाण्णव वर्षं झाल्यावर. तोवर युरोपात ज्यूंचं काय झालं, ते सांगण्याची गरज नाही.

आज नाकाची जागा डीएनएनं घेतली आहे. थुंकीचा नमुना पाठवा, तुमचे पूर्वज किती टक्के कुठले ते कळवतो, अशा जाहिराती येतात. समाजमाध्यमांवर लोक त्या टक्क्यांवरून ‘मूळचे’ आणि ‘घुसलेले’ यांच्या याद्या करतात. महालनोबिस यांचे दोन प्रश्न तिथंही विचारायला हवेत. फरक सिद्ध झाला की फरक मोठा आहे? आणि समूहाच्या सरासरीवरून तुम्ही समोरच्या एका माणसाबद्दल बोलताय का?

तिसरा प्रश्न मात्र सांख्यिकीचा नाही, तो आपला आहे. समजा, मोजमापातून उलटं निघालं असतं. समजा, सगळे मुसलमान खरोखरच बाहेरून आलेले ठरले असते. तर त्यांचा या मातीवरचा हक्क कमी झाला असता का? अजिबात नाही. म्हणून ‘आम्ही इथलेच आहोत, हे बघा आकडे’ असं म्हणताना मी थोडा थांबतो. आकडे खरे आहेत, ते सांगावेत. पण नागरिकत्वाचा दाखला म्हणून ते दाखवू नयेत. तसं केलं की कपाळ मोजणाऱ्याला आपणच पुन्हा घरात बोलावतो. आणि आपल्या लोकांना सांगायचं तर, अरबाला गैरअरबावर श्रेष्ठत्व नाही, ही शिकवण पैगंबरांच्या अखेरच्या हजच्या खुतब्यातली म्हणून आपण दर वर्षी ऐकतो. ती ऐकून घरी येऊन शजरा काढायचा, हे काही बरोबर नाही.

दादांचा शजरा खोटा आहे, असं मी म्हणत नाही. दहाव्या शतकात अरब प्रवासी मसूदी चौलला आला तेव्हा तिथं हजारो मुसलमान राहत होते, असं त्यानं नोंदवलं आहे. कोकण किनाऱ्याशी अरबांचं येणं-जाणं जुनंच. एखादा पूर्वज आला असेलही. पण मी एकदा साधा हिशेब केला. माणसाला आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, त्याआधीचे आठ. दहा पिढ्या मागं गेलं की १०२४ पूर्वजांच्या जागा होतात. शजऱ्यात त्या पिढीतला एकच माणूस लिहिलेला असतो, बापाचा बाप, त्याचा बाप. उरलेले १०२३ कोण होते? त्यांत कुणी कोळी असेल, कुणी विणकर, कुणी कुणबी, कुणी महार. बहुतेक बायकांची तर नावंही कुणी लिहिली नाहीत.

दादा असते तर हा हिशेब ऐकून आधी रागावले असते, मग दोन दिवसांनी स्वतःच बोटांवर मोजत बसले असते. शजरा अजून त्या पेटीत आहे. मी तो टाकणार नाही. फक्त आता मुलांना तो दाखवतो तेव्हा नाकाबद्दल बोलत नाही. कागदावर एक नाव दाखवतो आणि ज्यांची नावं तिथं नाहीत, ते किती होते ते मोजायला सांगतो.